घरातल्या कचेरीला टेबल केवढं हवं?

प्रश्न : मी वकील आहे. कल्याणच्या न्यायालयात काम चालतं आणि राहायला डोंबिवली पूर्वेला, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे. मुलीचं लग्न झालं. तिची 10 बाय 11 फुटांची खोली आता माझं ऑफिस म्हणून वापरायची आहे. पक्षकार घरी येतात, तेव्हा टेबल भारदस्त हवं असं माझं मत आहे. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या सीनिअरांकडे 6 बाय 3 फुटांचं, दोन्ही बाजूंना खण असलेलं आणि समोरून बंद असं टेबल होतं. तसंच मला हवं आहे. घरच्यांचं म्हणणं, एवढ्या खोलीत एवढं टेबल नको. उल्हासनगरहून तयार आणावं, सुताराकडून करून घ्यावं, की जुनं सागवानी शोधावं? आमच्या गावी संगमेश्वरकडे सागाची दोन झाडं आहेत, ती उपयोगी पडतील का? आणि एक कुतूहल म्हणून विचारतो : वकिलाचं, साहेबाचं टेबल मोठंच असावं, हे आपल्याकडे आलं कुठून?
— एक वाचक, डोंबिवली (पूर्व)

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तुमच्या मापाचा घोळ तिथूनच सुरू होतो.

उंच टेबलामागे बसून कारभार करणं ही आपली जुनी रीत नव्हे. पेशव्यांच्या दप्तरातला कारकून असो की पेठेतला मुनीम, बैठक जमिनीवर, पाठीला तक्क्या आणि पुढ्यात उतरत्या झाकणाचं बुटकं डेस्क. माणसाचा अधिकार कळायचा तो सदरेवर त्याची जागा कुठे आहे यावरून, पुढ्यातल्या लाकडावरून नाही. खुर्ची-टेबल आलं इंग्रजांच्या कचेऱ्यांबरोबर. कलेक्टर कचेरी, मामलेदार कचेरी, मग कोर्ट आणि कोर्टामागोमाग वकिलाचं घर. टेबलाच्या पलीकडे साहेब आणि अलीकडे अर्जदार, ही मांडणी तेव्हापासून आपल्या डोळ्यांत बसली आहे.

आता तुमच्या सीनिअरांचं टेबल. दोन्ही बाजूंना खणांचे खोके, वर रुंद फळी, हा घाट इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात रुळला. त्यातलं सगळ्यात मोठं टेबल पेढीतल्या दोन भागीदारांनी समोरासमोर बसून काम करण्यासाठी केलेलं असे. दोघांचे कागद एकाच टेबलावर पसरायचे, म्हणून त्याची खोली तीन, साडेतीन, कधी चार फूट. खण दोन्हीकडून उघडत. एका माणसाला तेवढ्या खोलीची गरज कधीच नव्हती. बसलेल्या माणसाचा हात सहजपणे दोन-सव्वादोन फूट पुढे पोहोचतो. त्यापलीकडे जे ठेवाल ते घ्यायला उठावं लागतं. मुंबईच्या जुन्या व्यापारी कंपन्यांनी तो आकार उचलला, त्यांच्याकडून वकिलांनी घेतला आणि दोघांचं टेबल एकट्याच्या प्रतिष्ठेचं झालं.

समोरून बंद असण्याचीही एक गोष्ट आहे. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचं प्रसिद्ध ‘रेझोल्यूट’ टेबल एचएमएस रेझोल्यूट या ब्रिटिश जहाजाच्या ओक लाकडातून बनवलेलं. राणी व्हिक्टोरियाने 1880 मध्ये ते राष्ट्राध्यक्ष हेज यांना भेट दिलं. मुळात ते पुढून मोकळं होतं. फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या पायांना पोलिओमुळे धातूच्या पट्ट्या असत. त्या दिसू नयेत म्हणून त्यांनी पुढे लाकडी फळी करायला सांगितली. ती बसली मात्र त्यांच्या मृत्यूनंतर. म्हणजे समोरची फळी बसणाऱ्याचे पाय झाकायला असते. ती तुमच्याकडे जरूर असावी, पण कुठे असावी याचं माप महत्त्वाचं आहे. ते पुढे सांगतो.

आधी खोली. खोलीची 11 फुटांची बाजू घेऊ. मागच्या भिंतीला फायलींचं कपाट, दीड फूट. तुमची खुर्ची मागे सरकून तुम्हाला उठता यायला साडेतीन फूट. टेबल 3 फूट. समोर पक्षकाराची खुर्ची आणि त्याचे गुडघे धरून 3 फूट. बेरीज झाली बरोबर 11. दरवाजातून आत येणाऱ्या माणसाला उभं राहायला जागा उरली नाही आणि दरवाजा आत उघडत असेल तर तो पक्षकाराच्या पाठीला लागणार. घरच्यांना हे न मोजता दिसलं आहे.

म्हणून कपाट मागच्या भिंतीवरून बाजूच्या भिंतीला न्या आणि टेबलाची खोली 3 वरून अडीच फुटांवर आणा. आता साडेतीन, अडीच आणि तीन मिळून 9 फूट झाले. दरवाजाच्या बाजूला 2 फूट मोकळे राहिले. आडवी बाजू 10 फुटांची. तीत कपाटाचे दीड फूट गेले, टेबल 5 फुटांचं करून दुसऱ्या भिंतीला टेकवलं, तर मधे साडेतीन फुटांची वाट राहते. तेच टेबल 6 फुटांचं केलंत तर वाट अडीच फुटांवर येते आणि कपाटाचं दार उघडलं की ती बंद. त्या एका फुटाने टेबलावर तुम्हाला फार काही मिळत नाही. खोलीतून मात्र चालण्याची जागा जाते, आणि येणाऱ्या माणसाला अवघडल्यासारखं होतं ते नेमकं तिथेच.

हे माझ्या शब्दावर घेऊ नका. तुमच्या खोलीत 2 बाय 2 फुटांच्या फरश्या असतील तर काम सोपं आहे : 6 बाय 3 म्हणजे लांबीला तीन फरश्या आणि रुंदीला दीड. 5 बाय अडीच म्हणजे अडीच फरश्या आणि सव्वा. जुन्या मोझॅइकची जमीन असेल तर मोजपट्टी घ्या. खडूने आकार आखा, मागे खुर्ची ठेवा, पुढे दोन खुर्च्या मांडा आणि आठवडाभर खोली तशीच वापरा. घरातल्या सगळ्यांना एकदा आत-बाहेर करायला लावा. रेषेवर पाय पडतो की नाही, यावरून निर्णय होईल.

5 बाय अडीच फुटांत भारदस्तपणा जाईल, ही तुमची शंका असणार. मला तसं वाटत नाही. पक्षकाराला टेबलाची लांबी आठवत नाही. त्याला टेबल हललं की लक्षात येतं, खण अडकला की लक्षात येतो, कडेची सनमायका उचकटलेली दिसते, आणि वकिलाला त्याचा कागद चटकन सापडला की नाही हेही तो पाहतो. जाड, स्थिर, कड नीट घासलेलं आणि वर निम्मी जागा रिकामी असलेलं पाच फुटांचं टेबल, फायलींनी गच्च भरलेल्या सहा फुटांच्या टेबलापेक्षा जास्त विश्वास देतं. खोली किमान 12 बाय 14 असेल तर मी आनंदाने 6 बाय 3 सुचवलं असतं. घोडबंदर रोडच्या काही मोठ्या घरांत तशी खोली निघते. डोंबिवलीच्या टू-बीएचकेत ती क्वचितच निघते.

आता खणांचे खोके आणि ती समोरची फळी. पाच फूट म्हणजे 60 इंच. दोन्ही बाजूंना 15 इंचांचे खोके घेतले तर मधे गुडघ्यांना 30 इंच राहतात. हातांची खुर्ची साधारण 26 इंच रुंद असते, ती आत जाते. तयार टेबलांत खोके 18 इंचांचे असतील तर मधे 24 उरतात आणि खुर्चीचे हात कायम कडेवर आपटतात. खणात लीगल कागद आडवा न दुमडता राहायला हवा. तो 14 इंच लांब असतो, म्हणून आतली खोली 15 इंचांहून कमी नको. खोक्यांची पुढून मागपर्यंतची खोली 22 इंच ठेवा. वरची फळी 30 इंच असल्यामुळे पक्षकाराच्या बाजूला ती 8 इंच पुढे येईल. समोरची बंद फळीही तेवढीच आत बसवा. हे आठ इंच विसरू नका. समोरची फळी टेबलाच्या कडेला सरळ भिडवली, तर पक्षकाराचे गुडघे तिला लागतात, तो वीतभर मागे बसतो आणि वकालतनाम्यावर सही करायला त्याला अर्धवट उठून वाकावं लागतं. वयस्कर बाईंना ते फार जड जातं. तयार टेबलांपैकी बहुतेकांत ही चूक असते.

उंचीबद्दल थोडक्यात. बाजारात 30 इंच हे माप ठरून गेलं आहे. आपल्याकडच्या बहुतेक माणसांना ते एक-दोन इंच जास्तच होतं. लिहिताना खांदे वर जातात आणि संध्याकाळी मान धरते. खुर्चीत पाय पूर्ण टेकवून बसा, कोपर काटकोनात ठेवा आणि घरच्या कुणाला तरी जमिनीपासून कोपरापर्यंत मोजायला सांगा. टेबल त्या उंचीच्या फार वर नको. साधारण 28 ते 29 इंच पुरतं. वर काच टाकायचा विचार असेल तर सोडून द्या. 8 मिलिमीटरच्या काचेचं वजन चौरस मीटरला 20 किलो भरतं, दिव्याचं प्रतिबिंब डोळ्यांत येतं आणि आपल्या पावसाळ्यात तिच्याखाली ठेवलेले कागद चिकटून बसतात.

उल्हासनगरचं विचारलंत. दुसऱ्या महायुद्धातला लष्करी कल्याण कॅम्प, फाळणीनंतर तिथे आलेले सिंधी निर्वासित आणि 1949 मध्ये मिळालेलं उल्हासनगर हे नाव, एवढा इतिहास आपल्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. हात रिकामे असताना त्या लोकांनी जे उद्योग उभे केले, त्यांतला एक हा फर्निचरचा. तिथे चांगलं काम मिळतं आणि अगदी हलकंही मिळतं. बाहेरून दोन्ही सारखीच चकचकीत दिसतात, म्हणून टेबल वरून बघू नका. खण पूर्ण बाहेर काढा आणि आतल्या न दिसणाऱ्या कडेवर बघा. थरावर थर दिसले तर प्लायवूड. भुशाच्या वड्यासारखा दाणेदार भाग दिसला तर पार्टिकल बोर्ड. एकसारखा, पुठ्ठ्यासारखा गुळगुळीत भाग दिसला तर एमडीएफ. मग वाकून टॉपच्या खालून बघा. समोरून दीड-दोन इंच जाड दिसणारा टॉप पुष्कळदा 18 मिलिमीटरचा असतो आणि फक्त कडेला पट्टी मारून जाडी दाखवलेली असते. त्यात फसवणूकच असते असं नाही. खाली आडव्या पट्ट्यांचे टेकू असतील तर तो टॉप टिकतो. टेकू नसतील तर काही वर्षांत मधोमध झोल पडतो. फळीची जाडी दुप्पट केली की तिचा ताठपणा आठपट होतो. म्हणून दोन थर चिकटवलेला 36-38 मिलिमीटरचा टॉप मागितला तर दुकानदाराला आणि सुताराला दोघांनाही त्याचा अर्थ कळतो.

पार्टिकल बोर्ड वाईट नाही, पण आपल्या हवेत त्याला मर्यादा आहेत. जमिनीला टेकलेल्या कडेत रोजच्या पुसण्याचं पाणी मुरतं आणि ती फुगते, आणि स्क्रू एकदा निसटला की त्याच भोकात पुन्हा धरत नाही. तुम्ही तिसऱ्या मजल्यावर आहात. तळमजल्यावरच्या वाचकांसाठी मात्र आवर्जून लिहितो : 26 जुलै 2005 ला आणि पुन्हा 2019 च्या जुलैअखेर उल्हास नदीचं पाणी चढलं, तेव्हा कल्याण-बदलापूर पट्ट्यात सखल भागातल्या घरांत पाणी शिरलं. तळमजल्यावर टेबलाला लोखंडी पाय किंवा निदान चार इंचांचा ग्रॅनाइटचा ओटा करून घ्या आणि खालच्या खणात मूळ दस्तऐवज कधीही ठेवू नका.

माझा कौल सुताराकडून करून घेण्याला आहे, आणि याचं मोठं कारण तुमचा जिना आणि दार आहे. अखंड टेबलाची उंची अडीच फूट. खोलीच्या दाराची चौकट वगळून उरणारी रुंदी त्याहून कमी असेल, तर तुम्ही ते आडवं करा, उभं करा, अखंड टेबल त्या दारातून जात नाही. इंग्लंडातल्या जुन्या कारागिरांनी हा प्रश्न सोडवला होता. दोन खोके वेगळे, वरचा भाग वेगळा, असं तीन तुकड्यांत ते टेबल करत आणि खोलीत नेऊन एकावर एक बसवत. तुमच्या मिस्त्रीला हेच सांगा. खोके, टॉप आणि समोरची फळी नटबोल्टने जोडली जावी, खिळे आणि फेव्हिकॉलने कायमची नको. उद्या घर बदललंत तर टेबल बरोबर येईल. दोन थरांचा 6 बाय 3 चा प्लायवूडचा टॉप एकटाच 40 किलोच्या आसपास भरतो. 5 बाय अडीचचा 27-28 किलोंत होतो. तिसऱ्या मजल्यापर्यंत तो खांद्यावर नेणाऱ्या हमालासाठी हा फरक मोठा आहे. लिफ्टच्या इमारतीत राहणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. सहा माणसांच्या लिफ्टचा दरवाजा साधारण 70 सेंटिमीटर रुंद असतो आणि बऱ्याच सोसायट्या त्यातून फर्निचर नेऊ देत नाहीत. टेबल ठरवण्याआधी सेक्रेटरींना विचारा.

प्लायवूड घेताना त्यावरचा ठसा वाचा. IS 303 हे साध्या प्लायवूडचं मानक आहे. त्यात एमआर हा कमी दर्जा आणि बीडब्ल्यूआर हा पाणी सोसणारा. IS 710 म्हणजे मरीन. तुमच्या टेबलाला बीडब्ल्यूआर पुरेसं आहे, मरीनचा खर्च नको. आयएसआय चिन्हाखाली सीएम/एल पासून सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर तो टाकला की परवाना कोणाचा ते दिसतं. दुकानात उभं राहूनच हे करा. एक हिशोबही सांगतो. प्लायवूडचा तक्ता 8 बाय 4 फुटांचा येतो. त्यातून 6 बाय 3 चा टॉप कापला तर 6 बाय 1 ची पट्टी आणि 2 बाय 4 चा तुकडा उरतो. त्या तुकड्यातून खोक्याची जेमतेम एक बाजू निघते. 5 बाय अडीच कापला तर 3 बाय 4 चा तुकडा उरतो आणि एका खोक्याच्या दोन्ही बाजू त्यातच बसतात. वर सागाचं व्हिनिअर लावून घ्या आणि कडेला मात्र अस्सल सागवानाची दीड इंचाची पट्टी. हात रोज कडेवर टेकतो. तिथे सनमायका उचकटते, व्हिनिअर झिजतं, घन लाकूड मात्र पॉलिश केलं की पुन्हा नवं होतं.

पूर्ण सागवानी टेबलाचा मोह मला कळतो. लाकूड घनफुटाच्या दराने मिळतं. 5 बाय अडीचचा एक इंच जाडीचा टॉप म्हणजे हिशोबाने एक घनफुटाहून थोडं जास्त. रंधा मारताना आणि छाटताना जाणारी घट धरली तर दीड घनफूट धरावं. हे फक्त टॉपचं झालं. चांगलं सागवान ही आपल्या राज्याची मोठी संपत्ती आहे. आलापल्लीच्या सागाचं नाव देशभर आहे, आणि अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी 2023 मध्ये लाकूड गेलं ते चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारपूरहून. ते परवडत असेल तर घ्या, पण गाभ्याचं घ्या. फळीच्या कडेला फिकट पांढरट पट्टा दिसला तर तो सालीजवळचा भाग. वाळवी आधी तिथे लागते.

गावची झाडं घाईने तोडू नका. साग हा 1964 च्या महाराष्ट्राच्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीतला वृक्ष आहे. स्वतःच्या जमिनीतला असला तरी तोडायला परवानगी लागते आणि लाकूड हलवायला वन विभागाचा वाहतूक परवाना. शिवाय ओल्या लाकडाचं टेबल केलं तर ते पहिल्याच उन्हाळ्यात तडकतं. इंचभर जाडीची फळी सावलीत, हवेशीर रचून निदान वर्षभर वाळवावी लागते. परवाना, कापणी, वाळवण आणि टेम्पो धरला तर दोन झाडांचं टेबल बाजारापेक्षा स्वस्त पडेलच असं नाही. गावी वादळात पडलेला फणस असेल तर त्याचा मात्र जरूर विचार करा. फणसाचं पिवळं लाकूड कोकणात पिढ्यान्‌पिढ्या फर्निचरला वापरलं गेलं आहे आणि कालांतराने त्याला सुंदर तांबूस रंग चढतो. त्याचेही नियम आधी तलाठ्याकडे आणि वनरक्षकाकडे विचारून घ्या.

जुन्या टेबलासाठी जोगेश्वरी-ओशिवऱ्याचा बाजार आणि मुंबईचा चोरबाजार. बंद पडलेल्या कंपन्यांची टेबलं तिथे येतात आणि कधी कधी जुन्या बर्मा सागवानाचं अप्रतिम काम सापडतं. पण तिथलं चांगलं टेबल बहुधा मोठंच असतं, आणि तुमच्या खोलीचं उत्तर आपण वर पाहिलं. ते कापून लहान करायला सांगू नका. शंभर वर्षं टिकलेल्या कामाची त्यात नासाडी होते.

खिडकी डाव्या हाताला येईल अशी बैठक ठेवा, म्हणजे लिहिताना हाताची सावली कागदावर पडत नाही. खिडकी पाठीमागे असेल तर व्हिडिओ सुनावणीत न्यायाधीशांना तुमचा चेहरा काळा दिसेल. वायरींसाठी टॉपच्या मागच्या कोपऱ्यात एक भोक सुरुवातीलाच पाडून घ्या. आणि फायलींचं कपाट बाहेर काढलेल्या बंद गॅलरीत नको, विशेषतः जुन्या इमारतीत. कागदाचं वजन टेबलापेक्षा कितीतरी जास्त असतं आणि गॅलरी त्यासाठी बांधलेली नसते.

तर मिस्त्रीला कागदावर लिहून द्या : 5 बाय अडीच फूट, उंची 29 इंच, 15 इंचांचे दोन सुटे खोके, बीडब्ल्यूआर प्लायवूडचा दुहेरी टॉप, सागाची कड, समोरची फळी 8 इंच आत, सगळे जोड नटबोल्टचे.

प्रश्न : आजोबांचं जुनं गोदरेजचं लोखंडी टेबल आमच्याकडे कल्याणला पडून आहे. खालून गंजलं आहे, वरचं रेक्झिन फाटलं आहे. मुलगा आता घरून काम करतो. त्याला नवं मोठं लाकडी टेबल हवं आहे. भंगारवाला वजनावर घेतो म्हणतो. देऊन टाकावं का?
— एक वाचक, कल्याण (पश्चिम)

उत्तर : देऊ नका. निदान पुढचं वाचल्याशिवाय तरी नको.

गोदरेज 1923 पासून पोलादी कपाटं बनवत आलं, आणि सरकारी कचेऱ्या, बँका, शाळा यांतली लोखंडी टेबलं हा त्याच परंपरेचा भाग. त्यांचा जाड पत्रा आजच्या हलक्या ऑफिस टेबलांना नसतो. गंज कुठे आहे ते आधी बघा. पायांच्या टोकाला आणि खालच्या खणाच्या तळाला वरवरचा गंज असेल, तर लोखंडी ब्रशने तो काढून रेड ऑक्साइड प्रायमर आणि वर रंग, एवढ्यावर भागतं. खणाच्या पत्र्याला आरपार भोकं पडली असतील तर फॅब्रिकेटरकडून तेवढा तुकडा बदलून घ्या. सगळं टेबल मोकळं करून पावडर कोटिंगला दिलंत तर फारच उत्तम. तसं काम करणारी दुकानं ठाणे-डोंबिवलीच्या औद्योगिक भागांत आहेत. कोटिंगच्या आधी कुलपं आणि रेक्झिन काढायला विसरू नका, कारण कोटिंग भट्टीत पक्कं होतं.

टॉप बदलणं त्याहून सोपं. जुनं रेक्झिन काढा आणि त्या जागी 19 मिलिमीटरचं बीडब्ल्यूआर प्लायवूड व्हिनिअर लावून खालून स्क्रूने बसवा. हा टॉप मूळ टेबलापेक्षा दोन्ही बाजूंनी तीन-तीन इंच मोठा घेतलात तर मुलाला हवी तेवढी रुंदी मिळेल. त्यापुढे जाऊ नका, नाहीतर कडेवर जोर दिला की टेबल उलटेल. उंची मात्र आधी मोजा. 19 मिलिमीटर म्हणजे पाऊण इंच वाढणार, आणि जुनी टेबलं बहुधा 30 इंचांची असतात. उंच झालं तर पायांखालचे रबरी बूट काढून टाका किंवा फॅब्रिकेटरला पाय अर्धा-पाऊण इंच कापायला सांगा. मुलगा दिवसभर संगणकावर असेल तर त्याला खण दोनच पुरतात. एका बाजूचा खणांचा खोका काढता येत असेल तर काढा, पाय पसरायला जागा होईल.

हा सगळा खर्च त्याच दर्जाच्या नव्या लाकडी टेबलापेक्षा बराच कमी येतो. तरीही मुलाला नवंच हवं असेल, तर वरच्या उत्तरातलं खडूचं माप त्यालाच त्याच्या खोलीत आखायला सांगा. आणि आजोबांचं टेबल भंगारात देण्याआधी जवळच्या ग्रंथालयात किंवा शाळेत विचारा. कल्याण-डोंबिवलीतल्या वाचनालयांना मजबूत टेबलाची गरज कायम असते.